वरकुट्याच्या घराचं स्वयंपाकघर कुणी हलवलं

आमची मुलगी शिकायला पुण्याला गेली, तेव्हा तिची खोली आवरायची म्हणून मी एका रविवारी माळ्यावरचं खोकं खाली काढलं. आत तिचे लहानपणचे प्लॅस्टिकचे ठोकळे होते. वर गोल बटणं असलेले, एकमेकांत टक्कन बसणारे, लाल, पिवळे, निळे. कुणाला तरी देऊन टाकू, पण देण्याआधी सगळे नीट आहेत का बघू, म्हणून मी फरशीवर बसले. नवरा कंपनीतून पहिली पाळी संपवून आला तेव्हा मी तिथंच होते, कुकर लावायचा राहिला होता आणि माझ्यासमोर एक दुमजली पेट्रोल पंप उभा होता.

"पेट्रोल पंप दुमजली नसतो," तो म्हणाला.

"हा आहे," मी म्हणाले.

ठोकळे कुणाला दिले नाहीत हे सांगायला नको.

माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर बारीक स्क्रू, बारीक चिमटे, काड्या आणि नाकपट्ट्या यांतच हात असतो, त्यामुळे बारीक वस्तू बारीक वस्तूत बसली की मला जे समाधान मिळतं ते मी नवऱ्याला कधी पटवून देऊ शकले नाही. घरचे ठोकळे पुरेनात तेव्हा मी खेळण्यांच्या दुकानात गेले. तिथल्या भाईंनी विचारलं, "कुणासाठी, ताई?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "भाच्यासाठी." मला भाचा नाही. पण एकदा तो जन्माला घातल्यावर त्याला सांभाळणं आलं. पुढं भाई चौकशी करायचे, भाचा कितवीत आहे, त्याला विमान आवडेल का, त्याचा वाढदिवस कधी. मी त्याचे वर्षातून तीन-चार वाढदिवस केले. तो बालवाडीतच राहिला, कारण त्याला वरच्या वर्गात घातलं तर भाई ठोकळ्यांऐवजी क्रिकेटची बॅट दाखवतील अशी मला भीती होती.

जळोचीच्या आमच्या घरात हळूहळू डबे भरत गेले. चपटे तुकडे मसाल्याच्या डब्यात, चाकं लोणच्याच्या बरणीत, माणसं पोह्यांच्या डब्यात. जुने ठोकळे मळले की मी ते जाळीच्या पिशवीत घालून वॉशिंग मशीनमध्ये धुवायचे. नवऱ्याची तक्रार एकच. हे तुकडे रंगीत असूनही जमिनीवर दिसत कसे नाहीत, आणि पाय बरोबर त्यांच्यावरच कसा पडतो. तो कळवळून एका पायावर नाचला की मी आधी तुकडा मोडला का ते बघायचे. यावरून आमचं बोलणं बंद व्हायचं, पण चहापर्यंतच.

हे सगळं घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. सासरी तर मुळीच नाही. सासर इंदापूर तालुक्यात, वरकुट्याला. तिथं सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, आमच्याकडं तशीच रीत आहे. शेती उसाची. घरात मामा, आत्या, धाकटे दीर आणि जाऊबाई. दिवाळीला दुकान बंद करून आम्ही दोघं तिकडं जातो. चार दिवस ठोकळ्यांवाचून काढणं मला जड जायचं, म्हणून त्या वर्षी मी एक युक्ती केली. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात तळाशी ठोकळे भरले, वर वर्तमानपत्र घातलं आणि त्यावर चिवडा पसरला. दुपारी सगळे झोपले की मागच्या खोलीत थोडं काहीतरी जोडत बसू, असा साधा हिशेब.

आम्ही पोचलो तेव्हा घरात भांडण तापलेलं होतं. जुनं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं होतं. इंदापूरच्या एका इंजिनिअरनं नकाशा काढून दिला होता आणि तो कागद भिंतीला खिळ्यानं टोचून ठेवला होता. तो नकाशा घरात कुणालाच कळत नव्हता आणि हे कबूल करायला कुणीच तयार नव्हतं. मामा त्याच्यासमोर उभे राहून मान डोलवायचे. दीर त्यावर बोट फिरवून "हितनं हॉल, हितनं जिना" असं म्हणायचे, आणि एकदा तर त्यांनी बोट फिरवलं तेव्हा नकाशा उलटा टोचलेला होता.

"जिना घरातनंच पायजे," दीर म्हणत होते. "आन् म्होरं दोन खांब. निमगाव केतकीला त्या नवीन बंगल्याला हायेत तसं."

"खांबाला काय ट्रॅक्टर बांधायचाय का?" मामा म्हणाले. "म्होरं मोकळं ठेव. ट्रॅक्टर दाराम्होरं आला पायजे, मला खाटंवरनं दिसला पायजे. जिना बाहेरनं."

"आबा, बाहेरनं जिना चाळीला असतोय," दीर वडलांना म्हणाले.

"मग चाळ बांध, पर ट्रॅक्टर दिसू दे."

आत्या चुलीपाशी बसून करंज्या तळत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तेवढ्यात जाऊबाईंनी माझ्या पिशवीतनं डबा काढला. "चिवडा आणलाय व्हय?" म्हणून त्यांनी ताटात ओतायला डबा तिरपा केला. आधी चिवडा आला, मग वर्तमानपत्र आलं आणि मग सगळ्या घरादारासमोर खडखडाट करत ठोकळ्यांचा लोंढा आला. एक लाल चाक घरंगळत मामांच्या खाटेखाली गेलं. एक बिनडोक्याचा माणूस थेट करंज्यांच्या पिठात पडला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवऱ्यानं छताकडं बघितलं. माझी सख्खी साथ अशी असते.

"ह्यो काय प्रकार?" दिरांनी विचारलं.

मी भाचा काढणार होते, पण माझी भावंडं किती आणि कोणाची पोरं केवढी हे वरकुट्यात सगळ्यांना पाठ होतं. म्हणून मी जे सुचलं ते बोलले. "घरासाठी आणलेत. नकाशा कागदावर कळत नाही ना, तर तो मांडून बघू म्हटलं. भिंती, दारं, जिना, सगळं उभं करून. म्हणजे भांडायला सोपं जाईल."

मामा म्हणाले, "मांड की मग."

थापेचं काम निघालं. मी सोप्यात चटईवर एक पुठ्ठा टाकला आणि नकाशा खाली काढून त्यावरून मांडायला बसले. एक बटण म्हणजे एक फूट. खरं सांगायचं तर मला इतकी मजा कधीच आली नव्हती, आणि चेहरा मात्र मी बँकेत कर्जाच्या कागदांवर सही करताना असतो तसा गंभीर ठेवला होता. जाऊबाई म्हणाल्या, "किल्ला अंगणात करत्यात, ह्यो आत कशाला?" पण त्याही बसल्या बघत. संध्याकाळपर्यंत घर उभं राहिलं, छप्पर नसलेलं, वरून सगळं दिसणारं. निळ्या भिंतींचा हॉल, पिवळ्या खोल्या, आणि पार मागं, गोठ्याला लागून, हिरव्या भिंतींचं स्वयंपाकघर.

मग माणसं ठेवली. मामांना टोपीवाला गवळी मिळाला, दिरांना शिपाई, जाऊबाईंना लाल केसांची एक नटवी बाई. म्हैस नव्हती, म्हणून काळा घोडा म्हैस झाला. आत्यांच्या वाट्याला बाईमाणूस उरलंच नाही, उरला तो अंतराळवीर. पांढरा पोशाख, डोक्यावर काचेचं गोल शिरस्त्राण.

आत्या हात पुसत आल्या आणि वाकून बघायला लागल्या. "ही मी?"

"हो."

"आन् डोक्यावर ह्ये काय?"

"चुलीचा धूर लागू नये म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मग बरं हाय," म्हणाल्या आणि परत करंज्यांकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, सगळे आडवे झाले. उठून चहाला बसलो तर घराचा जिना बाहेर गेला होता. आतली भिंत सरळ झाली होती आणि समोरच्या अंगणात चार चाकांचा एक ठोकळा उभा होता. तो ट्रॅक्टर होता हे सांगायची गरज नव्हती. मामा वर्तमानपत्र वाचत होते. ते वर्तमानपत्र कालचं होतं, चिवड्याखालचं, त्यावर तेलाचा डाग होता.

संध्याकाळी आम्ही शेतातनं आलो तर जिना परत आत होता आणि दाराच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतील त्या रंगांचे ठोकळे रचून दोन खांब उभे केले होते. खांब भिंतींपेक्षा वर गेले होते. ट्रॅक्टर गोठ्यात, घोड्याच्या शेजारी.

पुढं हे चालूच राहिलं. समोरासमोर कुणी भांडेना. दोघं एकमेकांशी अगदी गोड बोलायचे, "घ्या चकली," "तुमी घ्या," आणि पाठ वळली की भिंती हलायच्या. घरात भाऊबीजेचं वातावरण होतं आणि चटईवर लढाई चालली होती. मी फक्त तुकडे पुरवत होते. मामांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "सूनबाई, मोठं चाक हाय का गं?" दिरांनी विचारलं, "वैनी, पांढरे ठोकळे हायेत का? खांब एका रंगाचे दिसले पायजेत." मी दोघांनाही दिले.

आणि मग एका दुपारनंतर स्वयंपाकघरच हललं. गोठ्याजवळचं हिरवं स्वयंपाकघर थेट पुढं आलं, रस्त्याच्या बाजूला, आणि त्याला एक मोठी खिडकी लागली. खिडकीशी अंतराळवीर उभा, तोंड रस्त्याकडं.

"ह्ये कुणी केलं?" मामा म्हणाले.

"मी न्हाय," दीर म्हणाले.

"मला वाटलं तू."

दोघं माझ्याकडं वळले. मी शपथ घेतली. जाऊबाईंनीही घेतली. माझा नवरा, ज्याचा पाय आतापर्यंत दोनदा ठोकळ्यावर पडला होता, म्हणाला, "मला ह्यातलं काय विचारू नका." मामांनी स्वयंपाकघर परत मागं नेलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पुढं. शिवाय हॉलच्या कोपऱ्यात एक नवीन खोली निघाली होती, इतकीशी, एक दार असलेली.

मी ठोकळे सुटे करून बघितले. हिरव्या तुकड्यांच्या कडांना ओरखडे होते, जसं कुणी कशानं तरी ते उचकटले असावेत, आणि बटणांच्या मधल्या खाचांत बेसन होतं.

त्या दुपारी मी डोळे मिटून पडले आणि सोप्याकडं कान ठेवला. थोड्या वेळानं हलकासा टक्क आवाज आला. मी दाराआडून बघितलं. आत्या चटईवर पाय पसरून बसल्या होत्या. मीच त्यांना करून दिलेला चष्मा नाकाच्या टोकावर होता आणि हातात उलथनं होतं. उलथन्याच्या कडेनं त्या भिंत सुटी करत होत्या, अगदी थालीपीठ परतावं तशी.

मी आत गेले. त्या दचकल्या नाहीत. फक्त उलथनं पदराखाली घेतलं.

"लई घट्ट बसत्यात गं ही," त्या म्हणाल्या.

"उलथन्यानं ओरखडे पडतात, आत्या. हे घ्या." माझ्याकडं तुकडे सोडवायची एक छोटी पट्टी होती, ती मी दिली. त्यांनी ती एकदा वापरून बघितली आणि भिंत अलगद सुटली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला मुलीच्या खोलीतला तो रविवार आठवला.

"पण स्वयंपाकघर पुढं कशाला?"

त्यांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. "अगं, लग्न होऊन आल्यापास्नं भिताडाकडं त्वांड करून भाकऱ्या थापतीय. रस्त्यानं कोण गेलं, कोण आलं, कुणाच्या घरी पाव्हणं उतरलं, काय म्हंजे काय कळत न्हाय. समदं गाव मला शिळं मिळतंय. ही दोघं सांगायची तवा सांगणार, तेबी अर्धं. मला माझं बघायचंय."

"आणि ही बारकी खोली?"

"ती माझी. आतनं कडी पायजे."

"कशाला?"

"भांडण झालं की रुसून बसायला. आता रुसायचं म्हटलं तर म्हशीपाशी जावं लागतंय."

मी शेजारी बसले. खरं तर आता सरळ जाऊन मामांना सांगायला हवं होतं. पण आत्या म्हणाल्या, "इचारलं तर न्हायच म्हणणार. माझं नाव काढू नगं." आणि कारस्थान करायची संधी अशी आयती आली तर ती सोडण्याइतकी मी सज्जन नाही. आम्ही दोघींनी मिळून घर मांडलं. स्वयंपाकघर पुढं आलं तर बाजूला एक लांबट जागा उरत होती, ती ट्रॅक्टरला बरोबर बसली. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधे जे दार आलं, त्याच्यापुढं व्हरांडा, आणि व्हरांड्याला आधार हवा म्हणून दोन खांब. जिना आतच ठेवला, पण त्याचं दार बाहेर, ट्रॅक्टरच्या बाजूला.

चहाच्या वेळी मी मामांना हळूच म्हटलं, "मामा, स्वयंपाकघर पुढं असलं तर ट्रॅक्टरच्या बाजूला खाट टाकता येते. आणि चहा खिडकीतनंच हातात येईल, गार न होता." मामांनी वाकून बघितलं. खाट म्हणून एक चपटा ठोकळा ठेवला आणि गवळी त्यावर आडवा केला. गवळ्याला ट्रॅक्टर दिसत होता.

दिरांना मी वेगळं गाठलं. "भाऊजी, व्हरांडा काढला तर खांब लागणारच. इंजिनिअरही नाही म्हणणार नाही." दीर म्हणाले, "तेच मी पहिल्यापास्नं सांगतोय."

सगळं जमत आलं होतं आणि मग मामांना घर शेजाऱ्यांना दाखवायची हौस आली. त्यांनी खालचा पुठ्ठा दोन्ही हातांवर तोलत उचलला आणि लग्नातल्या रुखवताचं ताट न्यावं तसे निघाले. उंबऱ्याला पाय लागला. मामा सावरले, पण घर नाही सावरलं. सगळी इमारत अंगणात पसरली आणि कोंबड्या धावत आल्या.

पुढचं दृश्य मी विसरणं शक्य नाही. शेजारी फाटकाशी उभे, आणि आमचं अख्खं घर गुडघ्यांवर. दीर ओरडत होते, "कोंबडीच्या तोंडात खांब हाय, धरा!" जाऊबाई पदरात तुकडे गोळा करत होत्या. माझा नवरा, ज्याला ह्यातलं काही विचारायचं नव्हतं, जिन्याची पायरी शोधत खाटेखाली पोटावर पडला होता आणि तिथून सांगत होता, "निळा! तो नाही, लांबडा निळा! हॉलची पूर्वेची भिंत आहे ती!" प्रत्येकाला सगळं पाठ होतं. मामा म्हणाले, "खिडकी कुठाय? खिडकी रस्त्याकडं पायजे." आत्यांनी कमरेच्या पिशवीतनं खिडकी काढून दिली. ती त्यांनी सगळ्यात आधी उचलली होती.

भाऊबीज झाल्यावर इंजिनिअर आला. पांढरा शर्ट, खिशात टेप. त्यानं चटईवरचं घर बघितलं, मग स्वतःचा नकाशा बघितला, मग परत घर बघितलं.

"हा बदल कुणी सुचवला?"

"आमीच," मामा म्हणाले. "चर्चा करून."

"पहिल्यापास्नंच असं डोक्यात हुतं," दीर म्हणाले.

"स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला घेताय, नक्की ना? नंतर बदल होणार नाही."

मामांनी आत्यांकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "काय गं, चालंल का तुला?"

आत्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं. पदर नीट केला. "तुमी म्हणाल तसं," त्या म्हणाल्या. मला खोकला आला आणि मी पाणी प्यायला आत गेले.

इंजिनिअरनं मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले आणि जाताना मला हळूच विचारलं, "मॅडम, हे ठोकळे मिळतात कुठं?" मी त्याला बारामतीच्या दुकानाचा पत्ता दिला आणि सांगितलं की कुणासाठी विचारलं तर पुतण्यासाठी सांगा, भाचा घेतलेला आहे.

घर पुढच्या उन्हाळ्यात पुरं झालं. खांब निमगाव केतकीच्या बंगल्यापेक्षा बुटके आहेत, पण दीर ते मान्य करत नाहीत. मामा खाटेवर पडून ट्रॅक्टर बघतात. आत्यांना आता गावातलं सगळं मामांच्या आधी कळतं, आणि जेवताना त्या ते मामांना सांगतात, अर्धंच. बारकी खोली झाली, तिला आतून कडी आहे. गृहप्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशी आत्या आत जाऊन बसल्या. भांडण काहीच झालं नव्हतं. मामा बाहेर उभे राहून विचारत होते, "काय चुकलं का माझं?" आतून आवाज आला, "अजून न्हाय."

त्या वर्षी परत येताना डबा आणायचा राहिला असं मी नवऱ्याला सांगितलं. राहिला नव्हता, आत्यांनी मागून घेतला होता. तो आता त्या खोलीत असतो. आत्या तिथं काय करतात ते घरातल्या पुरुषांना नीट माहीत नाही, मला मात्र जाऊबाईंच्या मोबाइलवरून फोटो येतात. आधी गोठा आला. मग उसाची मोठी गाडी, दोन ट्रॉल्यांसकट. मागच्या आठवड्यात गावच्या फाट्यावरचा एसटीचा थांबा आला, बाकड्यासकट, आणि फोटोपाठोपाठ फोन.

"बघितला का?"

"बघितला. फार छान झालाय, आत्या. पण थांब्यावर कुणीच नाही."

"तेच सांगायला फोन केलाय. माणसं संपली माझ्याकडली. येताना घिऊन ये," त्या म्हणाल्या. "आन् डोक्याची बघून आण. मागल्या खेपंची निम्मी बिनडोक्याची हुती. थांब्यावर उभी करायला गावात तशी कमी हायेत व्हय?"